मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर मूत्राशयावर ताबा: विजेचे उपकरण काय देते आणि काय मागते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचा २९ वर्षांचा धाकटा भाऊ अडीच वर्षांपूर्वी नारळाच्या झाडावरून पडला. पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला पूर्ण इजा झाली आणि कमरेखालची संवेदना व हालचाल दोन्ही गेल्या. तो व्हीलचेअरवर वावरतो, दिवसातून तीन वेळा स्वतः नळी घालून लघवी काढतो, तरीही मधल्या वेळेत कपडे ओले होतात आणि वरचेवर थंडी-ताप येऊन अँटिबायोटिकचे कोर्स घ्यावे लागतात. परदेशातील एक रुग्ण पोटावर छोटेसे यंत्र धरून बटण दाबतो आणि त्याला लघवी होते, अशी एक चित्रफीत ताईंच्या पाहण्यात आली. असे यंत्र खरोखर आहे का, ते भावाला चालेल का, आणि त्यासाठी घराला लागून असलेली जमीन विकावी का, असे त्यांनी विचारले आहे.

यंत्र खरे आहे आणि ते नवेही नाही. योग्य रुग्ण निवडला तर ते उत्तम काम करते. मात्र जमीन आत्ता विकू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांपैकी बरीचशी अशी आहेत की ती आधी साध्या उपायांनी आटोक्यात आणायला हवीत, आणि ती आणल्याशिवाय कोणताही जबाबदार सर्जन हे यंत्र बसवण्याच्या गोष्टी करणार नाही. असे मी का म्हणतो हे समजावे म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

मूत्राशयाची कामे दोन आहेत. लघवी कमी दाबाखाली साठवून ठेवणे हे पहिले आणि ठरवलेल्या वेळी ती पूर्ण बाहेर टाकणे हे दुसरे. आपण ‘ताबा’ म्हणतो तेव्हा आपल्याला ही दोन्ही कामे अपेक्षित असतात, पण विजेचे कोणतेही उपकरण ही दोन्ही कामे एकट्याने परत देत नाही. कोणी नवे यंत्र, नवा बेल्ट किंवा नवी चिप दाखवली, तर हे साठवण सुधारते की निचरा, हा प्रश्न आधी विचारावा. जाहिरातींतला आणि बातम्यांतला निम्मा गोंधळ या एका प्रश्नाने दूर होतो.

निरोगी माणसात मूत्राशयाचा स्नायू आणि त्याच्या तोंडाशी असलेला झडपेसारखा स्नायू, म्हणजे स्फिंक्टर, एकमेकांशी जुळवून काम करतात. साठवणीच्या काळात मूत्राशय सैल आणि स्फिंक्टर आवळलेला असतो. लघवीच्या वेळी मूत्राशय आकुंचन पावतो आणि त्याच क्षणी स्फिंक्टर सैल पडतो. दोघांनाही जाणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या अगदी तळाच्या भागातून, सेक्रल म्हणजे त्रिकास्थीकडे जाणाऱ्या नसांच्या दोन ते चार या पातळ्यांवरून निघतात. पण त्यांचा ताळमेळ तिथे बसत नाही, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पॉन्स या भागात बसतो. लंडनचे शल्यविशारद बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून हे केंद्र दाखवून दिले. मज्जारज्जू मध्येच तुटला, की खालच्या नसा जिवंत राहतात, पण त्यांना जुळवून घेणारा वरचा हुकूम पोहोचत नाही.

इजेनंतरचे पहिले काही आठवडे, कधी काही महिने, मूत्राशय पूर्ण ढिला असतो. त्यानंतर खालच्या मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रिया जाग्या होतात आणि मूत्राशय थोडासा भरला तरी आपोआप आवळू लागतो. दुर्दैवाने त्याच वेळी स्फिंक्टरही आवळतो. बंद दारावर आतून धक्के बसावेत तसे हे चालते. त्यामुळे लघवी अर्धवट होते, अवेळी गळते, शिल्लक राहते आणि मुख्य म्हणजे मूत्राशयातला दाब वाढतो. हा दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटर उंचीच्या वर वारंवार आणि दीर्घकाळ राहिला, तर लघवीचा ताण मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. मूत्रपिंडे फुगतात, त्यांत जंतुसंसर्ग होतो आणि कालांतराने ती निकामी होऊ लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या काळात मज्जारज्जूची इजा झालेल्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण मूत्रपिंड निकामी होणे हेच होते. सर लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडविल येथे खास केंद्र सुरू केले, तेव्हा मूत्राशयाची निगा हा त्यांच्या कामाचा कणा होता. कपडे ओले होणे ही रोजची मानहानी आहे आणि तिला मी कमी लेखत नाही. पण डॉक्टर म्हणून माझी पहिली काळजी त्या न दिसणाऱ्या, न दुखणाऱ्या दाबाची असते.

आता इजेच्या जागेबद्दल, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या पूर्ण लांबीइतका लांब नसतो. त्याचे सेक्रल भाग बाराव्या पाठीच्या मणक्याच्या आणि पहिल्या कमरेच्या मणक्याच्या पातळीवरच संपतात. उंचावरून पडणाऱ्यांमध्ये नेमका हाच सांधा सर्वांत जास्त चेचला जातो. तिथे इजा झाली, तर मूत्राशयाच्या नसांच्या मूळ पेशीच मरतात, मूत्राशय कायमचा ढिला राहतो, आणि मग तुम्ही पाहिलेले यंत्र निरुपयोगी ठरते. हे यंत्र जिवंत नसेला उत्तेजित करते, मेलेल्या नसेला जिवंत करत नाही. तुमच्या भावाची इजा दहाव्या मणक्यापाशी आहे, म्हणजे खालचा भाग वाचलेला असण्याची शक्यता चांगली आहे, तरी रक्तपुरवठा खंडित झाल्यामुळे इजा कधी कधी दोन-तीन पातळ्या खाली उतरते. घरी दिसणारी एक खूण अशी, की अंघोळ घालताना किंवा चादर ओढताना त्याचे पाय आपोआप आखडत असतील, झटके देत असतील, तर पायांकडे जाणारा मज्जारज्जूचा भाग जिवंत आहे. मात्र मूत्राशयाच्या पातळीसाठी वेगळी तपासणी लागते. त्यात डॉक्टर गुदद्वाराच्या स्नायूचा ताण आणि तिथली प्रतिक्षिप्त क्रिया हाताने तपासतात, आणि खरा निर्णय यूरोडायनॅमिक तपासणीत होतो. या तपासणीत एका बारीक नळीतून मूत्राशय सावकाश पाण्याने भरतात आणि आतला दाब सतत आलेखावर उमटत राहतो. दाबाची रेष मधेच उसळी घेताना दिसली, तर मूत्राशयाची नस जिवंत आहे. शेवटपर्यंत ती सपाट राहिली, तर बहुधा नाही.

चित्रफितीतील यंत्राचे शास्त्रीय नाव सेक्रल अँटिरियर रूट स्टिम्युलेटर, आणि त्यामागचे मुख्य नाव इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांचे. त्यांच्याआधीही अनेकांनी प्रयत्न केले होते. १९५० आणि ६० च्या दशकांत मूत्राशयाच्या भिंतीवरच इलेक्ट्रोड शिवून पाहिले गेले, पण भिंत सतत फुगते आणि आक्रसते, तारा निसटतात, आणि पुरेसा प्रवाह दिला की तो आजूबाजूला पसरून स्फिंक्टर आवळतो, शिवाय ज्यांची थोडी संवेदना शिल्लक आहे त्यांना वेदना होतात. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे न्यूरोसर्जन ब्लेन नॅशोल्ड यांनी मज्जारज्जूच्या तळाच्या भागातच इलेक्ट्रोड रोवले. काही रुग्णांना त्याचा फायदा झाला, पण स्फिंक्टरची अडचण तिथेही सुटली नाही.

ही अडचण इतकी चिवट का आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. सेक्रल नसांमध्ये दोन प्रकारचे तंतू शेजारी शेजारी धावतात. स्फिंक्टरकडे जाणारे तंतू जाड असतात आणि मूत्राशयाकडे जाणारे बारीक. विजेला जाड तंतू आधी आणि कमी प्रवाहात प्रतिसाद देतात. त्यामुळे मूत्राशयाला जागे करण्याइतका प्रवाह दिला, की स्फिंक्टर त्याच्या आधीच घट्ट मिटलेला असतो. म्हणजे इजेमुळे जी विसंगती निर्माण झाली, तीच विजेने आपण पुन्हा निर्माण करतो.

ब्रिंडली यांनी यावर काढलेला मार्ग मला आजही थक्क करतो, कारण त्यात नवे तंत्र काहीच नाही, फक्त दोन स्नायूंच्या स्वभावाची अचूक जाण आहे. स्फिंक्टर हा हाडांच्या स्नायूंच्या जातीचा असल्यामुळे प्रवाह थांबताच क्षणात सैल पडतो. मूत्राशयाचा स्नायू मंद जातीचा आहे. त्याला आवळायला काही सेकंद लागतात आणि सैल पडायलाही काही सेकंद लागतात. म्हणून प्रवाह सलग न देता तीन-चार सेकंद द्यायचा, मग सहा-सात सेकंद थांबवायचा, पुन्हा द्यायचा. प्रवाह चालू असताना दोघेही आवळलेले असतात. प्रवाह थांबला की स्फिंक्टर लगेच सुटतो, मूत्राशय मात्र अजून आवळलेलाच असतो, आणि त्या मधल्या काळात लघवीची धार येते. आलेखावर पाहिले तर दाबाचे डोंगर एकामागून एक उभे राहतात आणि प्रत्येक डोंगराच्या उतरणीवर एक धार नोंदली जाते. त्यामुळे यंत्र वापरणाऱ्याची लघवी सलग धारेत होत नाही, ती तुकड्यातुकड्यांनी होते, पण मूत्राशय जवळजवळ रिकामा होतो आणि शिल्लक लघवी बहुधा ५० मिलिलिटरच्या आत राहते.

बबून माकडांवरील दीर्घ प्रयोगांनंतर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात माणसांवर शस्त्रक्रिया सुरू झाल्या. १९७८ मध्ये पहिले यशस्वी यंत्र बसवले गेले आणि १९८२ मध्ये ब्रिंडली, न्यूरोसर्जन पोल्की आणि रश्टन यांनी पहिल्या ११ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. रचना साधी आहे. शरीरात बॅटरी नसते. त्वचेखाली, छातीच्या खालच्या भागात किंवा पोटावर, एक छोटा रेडिओ रिसीव्हर असतो आणि त्याच्या तारा सेक्रल नसांच्या पुढच्या मुळांवरील इलेक्ट्रोडपर्यंत जातात. वीज आणि आज्ञा दोन्ही बाहेरून, त्वचेवर धरलेल्या ट्रान्समीटरमधून येतात. चित्रफितीतील रुग्ण पोटावर धरतो ते हेच. बॅटरी नसल्यामुळे आतले यंत्र वर्षानुवर्षे टिकते आणि बिघाड झालाच तर तो बहुतेक वेळा तारेत किंवा रिसीव्हरमध्ये असतो, जो तुलनेने छोट्या शस्त्रक्रियेने दुरुस्त करता येतो.

शस्त्रक्रिया मात्र छोटी नाही. कमरेच्या खालच्या मणक्यांची मागची कमान काढून मज्जारज्जूचे आवरण उघडतात, आणि त्यात एखाद्या जुडीसारख्या दिसणाऱ्या नसांमधून नेमक्या हव्या त्या मुळ्या ओळखाव्या लागतात. त्यासाठी सर्जन एकेका मुळाला हलका प्रवाह देऊन परिणाम पाहतो. दुसऱ्या सेक्रल मुळाला दिला तर पोटरी आवळते आणि पाऊल खाली वळते. तिसऱ्याला दिला तर पायाचा अंगठा हलतो आणि काही सेकंदांनी मूत्राशयाच्या दाबाची रेष चढू लागते. चौथ्याला दिला तर पाय स्थिर राहतो आणि फक्त ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आकसतात. मूत्राशयाचा मोठा भार सहसा तिसऱ्यावर असतो. शस्त्रक्रियागृहात एकाची नजर पायावर आणि दुसऱ्याची दाबाच्या पडद्यावर खिळलेली असते.

इतके झाल्यावर रुग्णाला निचरा मिळतो. साठवण मिळालेली नसते, कारण मूत्राशयाची अवेळी आवळण्याची सवय तशीच असते. ती थांबवण्यासाठी जर्मनीतील बाड विल्डुंगेन येथील डॉ. डिटर साउअरवाइन यांनी १९८६ पासून यंत्र बसवतानाच सेक्रल नसांची मागची मुळे कापायला सुरुवात केली. मागच्या मुळांतून मूत्राशय भरल्याची वर्दी मज्जारज्जूकडे जाते. ती वर्दीच बंद झाल्यावर प्रतिक्षिप्त आकुंचन होत नाही, मूत्राशय शांत राहतो, ४००-५०० मिलिलिटर लघवी कमी दाबात साठवतो, गळती थांबते आणि मूत्रपिंडे सुरक्षित राहतात. सहाव्या पाठीच्या मणक्याच्या वर इजा असलेल्यांना मूत्राशय भरल्यावर रक्तदाब धोकादायकरीत्या वाढण्याचा जो त्रास होतो, तोही बऱ्याच अंशी कमी होतो. तुमच्या भावाच्या पातळीवर हा त्रास सहसा नसतो.

चित्रफितीत हा भाग दिसत नाही. तिथे बटण दिसते आणि लघवी झालेली दिसते. पण ओल्या कपड्यांतून सुटका करणारी गोष्ट वीज नसून हा छेद आहे, आणि तो परत जोडता येत नाही. मागची मुळे कापल्यावर पुरुषांमध्ये स्पर्शाने येणारी लिंगाची ताठरता आणि प्रतिक्षिप्त वीर्यस्खलन कायमचे जाते. जननेंद्रियांभोवती थोडीफार संवेदना उरली असेल तर तीही जाते. बोटाने उत्तेजन देऊन शौच करणाऱ्यांची प्रतिक्षिप्त क्रियाही संपते, मात्र याच यंत्राच्या वेगळ्या सेटिंगने शौचास मदत होते आणि अनेकांचा शौचाचा वेळ खूप कमी होतो. काहींना यंत्राने ताठरता आणता येते, सर्वांना नाही. २९ वर्षांच्या, कदाचित लग्नाचा विचार करणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने या गोष्टी किरकोळ नाहीत. आपल्या घरांतून यावर उघड बोलले जात नाही, म्हणून मी लिहून ठेवतो: हा निर्णय बहिणीचा, आईवडिलांचा किंवा डॉक्टरांचा नाही, तो त्याचा स्वतःचा आहे, आणि हे सगळे त्याला एकट्याला, मोकळेपणाने, कोणी नातेवाईक समोर नसताना समजावून सांगितले गेले पाहिजे. स्त्री रुग्णांच्या बाबतीत तोलमाप वेगळे पडते. पुरुषांना निदान कंडोम कॅथेटर, म्हणजे लिंगावर बाहेरून चढवायची पिशवी जोडलेली नळी, वापरता येते, स्त्रियांसाठी तशी समाधानकारक बाह्य सोय नाही, म्हणून गळती थांबण्याचे मोल त्यांच्यासाठी अधिक असते.

छेद टाळून हेच साधता येईल का, हा प्रयत्नही झाला. लंडनजवळच्या स्टॅनमोर येथे मायकल क्रॅग्स आणि सहकाऱ्यांनी मागची मुळे न कापता त्याच इलेक्ट्रोडमधून मूत्राशय शांत करणारा प्रवाह देऊन पाहिला आणि २००२ मध्ये पाच रुग्णांचे अनुभव मांडले. साठवण सुधारली, पण स्फिंक्टर आड येत राहिल्यामुळे निचरा समाधानकारक झाला नाही. एक काम साधले की दुसरे निसटते, हेच इथेही दिसले.

परिणामांबद्दल बोलायचे तर ब्रिंडली यांनी १९९४ मध्ये पहिल्या ५०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील ४११ जण लघवीसाठी यंत्र वापरत होते. इतक्या वर्षांच्या पाठपुराव्यात एवढ्या लोकांनी एखादे उपकरण वापरत राहणे ही मोठी गोष्ट आहे. मग ते सगळीकडे का पोहोचले नाही? अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये व्होकेअर या नावाने मर्यादित स्वरूपाची परवानगी मिळाली, पण काही वर्षांतच विक्री करणाऱ्या कंपनीने हे काम थांबवले. रुग्णसंख्या कमी, शस्त्रक्रिया अवघड, छेदाची भीती, आणि त्याच काळात मूत्राशयाचा स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनसारखे सोपे उपाय आले, अशी कारणे त्यामागे दिसतात. मला यातले शेवटचे कारण सर्वांत वजनदार वाटते. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया नित्याची नाही, आणि यंत्र बसवण्यापेक्षा पुढची वीस-तीस वर्षे त्याची देखभाल कोण करणार हा प्रश्न जास्त कठीण आहे. परदेशात जाऊन यंत्र बसवून आलेल्या रुग्णाची तार तीन वर्षांनी तुटली, तर ती दुरुस्त करणारा माणूस जवळपास हवा.

‘ब्लॅडर पेसमेकर’ म्हणून मुंबई-पुण्यात ज्याविषयी ऐकू येते ते वेगळे यंत्र आहे, आणि या दोघांची गल्लत फार होते. ते सेक्रल न्यूरोमॉड्युलेशन. कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्कोचे एमिल टनागो आणि रिचर्ड श्मिट यांच्या कामातून ते उभे राहिले आणि अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. यात त्रिकास्थीच्या छिद्रातून तिसऱ्या सेक्रल नसेजवळ एक तार सरकवतात आणि नितंबाच्या त्वचेखाली बॅटरीचे यंत्र ठेवतात. त्याचा प्रवाह अगदी सौम्य असतो. तो मूत्राशयाला आवळायला लावत नाही, तर वर जाणाऱ्या संदेशांत फेरफार करून अवेळी होणारे आकुंचन शमवतो. म्हणजे हे मुख्यतः साठवणीचे यंत्र आहे. संदेशांच्या वाटा काही प्रमाणात तरी शिल्लक असाव्या लागतात, म्हणून अपूर्ण इजेत त्याचा विचार होऊ शकतो. जुन्या, पूर्ण इजेत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. खर्च काही लाखांच्या घरात जातो. कोणी तुमच्या भावाला हे यंत्र सुचवले, तर पूर्ण इजेत ते का बसवायचे, याचे स्पष्ट उत्तर घ्या आणि कायमचे यंत्र बसवण्याआधी तात्पुरती चाचणी-तार लावून गुण येतो का ते पाहण्याचा टप्पा गाळू देऊ नका.

एक आशादायक धागा मात्र आहे. जर्मनीतील कार्ल-डिट्रिश झीवर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की पूर्ण इजा झालेल्या १० रुग्णांत मूत्राशय अजून ढिला असतानाच, म्हणजे पहिल्या काही महिन्यांत, सेक्रल नसांना असा प्रवाह सुरू केला, तर अवेळी आकुंचनाची सवय जडणे टळू शकते. संख्या लहान होती, पण कल्पना महत्त्वाची आहे: बिघडलेले वळण मोडण्यापेक्षा ते लागू न देणे. अडीच वर्षांनंतर ती वेळ निघून गेलेली असते. ताज्या इजेच्या रुग्णाचे नातेवाईक हे वाचत असतील, तर त्यांनी पहिल्या तीन महिन्यांतच मूत्राशयाच्या तज्ज्ञाला गाठावे.

घोट्याजवळच्या टिबियल नसेला प्रवाह देण्याचा उपाय सर्वांत स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. आतल्या घोट्याच्या साधारण पाच सेंटिमीटर वर बारीक सुई टोचून किंवा त्वचेवर पॅड लावून अर्धा तास प्रवाह देतात. सुईच्या पद्धतीत आठवड्यातून एकदा अशा १२ बैठका होतात. ही नस त्याच सेक्रल मुळांतून येत असल्यामुळे तिच्यावाटे मूत्राशय काही अंशी शांत करता येतो. हाही साठवणीचाच उपाय, आणि पूर्ण इजेत त्याचा गुण माफक. फिजिओथेरपिस्टकडे असलेल्या, त्वचेवरून प्रवाह देणाऱ्या साध्या टेन्स यंत्रावर तो करता येतो, पण एक धोका नीट लक्षात घ्या. तुमच्या भावाला पायाची संवेदना नाही, त्यामुळे ‘सहन होईल इतका वाढवा’ ही सूचना त्याच्यासाठी गैरलागू आहे. पायाचा अंगठा जरासा हलू लागला की प्रवाह तिथेच थांबवायचा, आणि पॅड काढल्यावर त्वचा प्रत्येक वेळी डोळ्यांनी तपासायची. संवेदना नसलेल्या त्वचेवर भाजल्याची जखम कळायला उशीर होतो आणि भरायला त्याहून उशीर होतो.

मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर किंवा पाठीच्या त्वचेवरून प्रवाह देण्याबद्दल अलीकडे पुष्कळ बातम्या येतात. अमेरिकेत लुइव्हिल येथे सुझन हार्केमा यांच्या गटाने आणि लॉस एंजेलिस येथे रेगी एजर्टन यांच्या गटाने या दिशेने महत्त्वाचे काम केले आहे आणि काही रुग्णांत मूत्राशयाची साठवण व निचरा दोन्ही सुधारल्याच्या नोंदी आहेत. मला या कामाबद्दल मनापासून आस्था आहे. पण २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत ज्या त्वचेवरच्या यंत्राला मान्यता मिळाली, ती हातांची ताकद आणि संवेदना सुधारण्यासाठी आहे, मूत्राशयासाठी नाही. या नावाखाली कोणी आत्ताच पैसे मागत असेल, तर देऊ नयेत.

आता तुमच्या भावाबद्दल. दिवसातून तीन वेळा नळी हे फार कमी आहे. दिवसाला दोन लिटर लघवी होत असेल, तर प्रत्येक वेळी साडेसहाशे मिलिलिटरच्या वर साठते, आणि आवळणाऱ्या मूत्राशयात इतकी जागा नसते, म्हणून ती गळते आणि दाब वाढतो. दिवसातून चार ते सहा वेळा, एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर जाऊ न देता, झोपण्यापूर्वी न चुकता नळी घालायला हवी. ही पद्धत जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये मिशिगनमधून मांडली. हात स्वच्छ असले आणि मूत्राशय वेळेवर रिकामा झाला तर निर्जंतुक हातमोजे नसले तरी चालते, हे त्यांनी दाखवले आणि मज्जारज्जूच्या रुग्णांचे आयुष्य त्याने जितके वाढवले तितके कोणत्याही यंत्राने वाढवलेले नाही. नळी धुऊन पुन्हा वापरण्याचा प्रघात आपल्याकडे सर्रास आहे. परवडत असेल तर प्रत्येक वेळी नवी वापरावी, नसेल तर साबण-पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करून ठेवावी आणि ठरावीक दिवसांनी टाकून द्यावी. पोटावर दाबून किंवा थोपटून लघवी काढण्याची सवय असेल तर ती आजच बंद करावी, कारण मिटलेल्या स्फिंक्टरवर बाहेरून दिलेला दाब थेट मूत्रपिंडांकडे जातो.

लघवीच्या कल्चरमध्ये जंतू दिसले की अँटिबायोटिक, हे चक्रही थांबवायला हवे. नियमित नळी घालणाऱ्या बहुतेक सर्वांच्या लघवीत जंतू असतातच. ताप, थंडी, पायांचे आखडणे अचानक वाढणे, गळती एकाएकी वाढणे, अशी लक्षणे असतील तरच उपचार करायचे. विनाकारण घेतलेल्या कोर्सेसमुळे पुढे खरा संसर्ग झाल्यावर औषध लागू पडत नाही.

त्यानंतर औषधे. मूत्राशय शांत करणाऱ्या ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन या गोळ्यांपैकी कोणते औषध, किती डोसमध्ये, हे यूरोडायनॅमिक तपासणीवरून ठरवावे आणि ती तपासणी औषध सुरू केल्यावर पुन्हा करावी, कारण गळती थांबली म्हणजे दाब उतरला असे नसते. गोळ्यांनी भागले नाही, तर दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत २०० युनिट बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने देतात. त्याचा परिणाम साधारण सहा ते नऊ महिने टिकतो आणि ती पुन्हा घ्यावी लागतात. माझ्या मते तुमच्या भावासाठी विजेच्या यंत्राआधीचा योग्य टप्पा हाच आहे, आणि बऱ्याच जणांना त्यापुढे जावेच लागत नाही. एवढे सगळे नीट करूनही गळती आणि दाब राहिला, मूत्राशयाच्या नसा जिवंत असल्याचे सिद्ध झाले, आणि छेदाची किंमत समजून घेऊन तो स्वतः तयार असला, तर ब्रिंडली पद्धतीच्या यंत्राचा विचार जरूर करावा. तेव्हा कुठल्या केंद्रात जावे आणि मागाहून देखभाल कोण करील, हे मी सविस्तर सांगेन.

तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी तीन दिवसांची नोंद वहीत करून न्या: किती वाजता किती पाणी प्यायले, किती वाजता नळी घातली, मापाच्या भांड्यात किती लघवी निघाली, मध्ये कधी आणि किती गळाली. सोबत मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी हवी. रक्तातले क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आले म्हणून निश्चिंत होऊ नका. ते स्नायूंतून तयार होते, त्यामुळे पायांचे स्नायू वाळलेल्या माणसात ते मूत्रपिंड बिघडत असतानाही कमीच दिसते. शक्य असेल तिथे स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी मागून घ्या. आणि यूरोडायनॅमिकचा नुसता लेखी अहवाल न घेता दाबाच्या रेषांचा मूळ आलेखही घेऊन ठेवा, कारण पुढचा कोणताही सर्जन आधी तोच मागेल.